बिल्टीवरची सीमा

१ नोव्हेंबर १९५६ला पांढुर्णा आणि सौंसर जागचे तसूभरही हलले नाहीत. हलली ती राजधानी. आदल्या दिवसापर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती नागपूर, म्हणजे पांढुर्ण्याहून शंभरेक किलोमीटर. राज्य पुनर्रचना झाली, राजधानी गेली भोपाळला, विदर्भ गेला मुंबई राज्यात आणि छिंदवाडा जिल्हा राहिला मध्य प्रदेशात. आम्ही त्या जिल्ह्यात होतो, म्हणून आम्हीही राहिलो. तेव्हापासून आमच्या जमिनीचा खसरा भोपाळकडे तोंड करून आहे. दवाखाना, लग्नाचा बस्ता आणि सोयरिकी मात्र नागपूर, नरखेड, वरूडकडे. २०२३मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कलेक्टर जवळ आला, व्याही होते तिथेच राहिले.

माणसांचं एक वेळ ठीक, संत्र्याचं काय करायचं? आंबिया बहार पिवळा व्हायला लागला की वरूडकडचा व्यापारी बगिच्यात हजर. झाडाखाली वाकतो, फांदी वर करून आतला माल बघतो, एक संत्रा सोलतो, दोन फोडी तोंडात टाकतो आणि चेहरा असा करतो, जणू कडूनिंबाची काडी चावली.

“काका, माल बारीक हाये.”

“बारीक हाये त मंग चार दिवसांपासून चकरा काऊन मारून राह्यला बाप्पा?”

शेवटी सौदा होतो, तोड लागते, कॅरेटं भरतात आणि गाडी सीमा ओलांडते. पलीकडे संत्रा धुतला जातो, निवडला जातो, अंगावर मेणाचा हात फिरतो आणि तो दिल्लीला ‘नागपुरी’ म्हणून उतरतो. खोटं काहीच नाही, वाण नागपुरीच आहे. पण जन्म मध्य प्रदेशातला, नटणं महाराष्ट्रातलं, हे दिल्लीच्या गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

ब्रेक्झिटच्या वेळी आयर्लंडच्या बातम्या वाचताना म्हणूनच मला परकं काही वाटलं नाही. तिथली गिनीस बिअर डब्लिनला बनायची, टँकरमधून सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला जायची, डब्यांत भरली जायची आणि विकायला पुन्हा दक्षिणेत यायची. दूध उत्तरेतलं, कारखाना दक्षिणेतला. सीमा सुमारे पाचशे किलोमीटरची आणि तिच्यावर आरपार जाणारे रस्ते दोनशेच्या वर. १९९८च्या शांतता करारानंतर तिथल्या चौक्या हटल्या होत्या. त्या परत बसवायची कुणाची छाती नव्हती. मग तोडगा काय निघाला? तपासणी जमिनीवरून उचलली आणि समुद्रावर नेली. २०२१पासून ब्रिटनहून उत्तर आयर्लंडला येणाऱ्या मालाचे कागद बंदरात बघायला लागले. एकाच देशातल्या एका भागातून दुसऱ्या भागात सॉसेज पाठवायचं तर भांडण! २०२३च्या विंडसर कराराने हिरवी आणि लाल अशा दोन वाटा काढल्या, आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर ‘युरोपीय संघासाठी नाही’ अशी चिठ्ठी आली.

आमच्या कापसाला अशी चिठ्ठी कुणी लावली नाही, पण त्याचीही वेळ आली होती. महाराष्ट्राने १९७२मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. कापूस सरकारलाच द्यायचा, चुकारा हप्त्याहप्त्याने. सीमेच्या अलीकडे खासगी व्यापारी नगदी मोजत होता. मग काय, रात्रीच्या बंड्या निघायच्या. ज्या वर्षी तिकडचा हमीभाव चढा असे, त्या वर्षी बंड्यांची तोंडं फिरत. बैलांना वाट पाठ, त्यांना राज्य पुनर्रचना कुणी समजावली नव्हती. आयर्लंडातही लोणी, गुरं, डुकरं अशीच भाव बघून अंधारात हिंडली आहेत. चोरटा व्यापार म्हणजे भावाच्या फरकाला फुटलेले पाय.

पुढे ती योजना मावळली आणि १ जुलै २०१७ला जीएसटी आला. विक्रीकराचे नाके उठले, ट्रकांची रांग गेली आणि रांगेवर जगणाऱ्या चहाच्या टपऱ्याही ओस पडल्या. परिवहनाचे नाके मध्य प्रदेशाने २०२४च्या जुलैत बंद केले. आता सीमेवर आमच्या बाजूला उरली स्वागताची पाटी. तरी सीमा मेली म्हणावं तर तसंही नाही; ती ड्रायव्हरच्या मोबाइलमध्ये शिरली. पन्नास हजारांवरच्या मालाला ई-वे बिल. ताज्या संत्र्याला कर नाही, बिलही नाही. तो ऐटीत जातो. त्याचाच रस काढून बाटलीत भरा, की लगेच कर आणि कागद मागे लागले. मंडीतल्या मालाला अनुज्ञा पत्र वेगळंच. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, “पहिले नाक्यावर साहेब विचारत होता, आता बिल्टीच विचारते.”

पेट्रोल जीएसटीत नाही, म्हणून दोन्ही राज्यांचा व्हॅट आपापला. त्यामुळे सीमेचा खरा पत्ता हवा असेल तर नकाशा बघू नये, कुठल्या पंपावर शेजारच्या राज्याच्या पाटीच्या गाड्या उभ्या आहेत ते बघावं.

गंमत अशी, की आमच्याकडे दगडफेक होते ती राज्याच्या सीमेवर नव्हेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून गोटमार खेळतात. डोकी फुटतात, जीवही गेलेत. दोन्ही काठ मध्य प्रदेशातलेच. भांडायला माणसाला परका लागत नाही, समोरचा काठ पुरतो. आणि व्यापाराला समोरचा काठ लागतोच, कारण भावात फरक नसेल तर गाडी कुणी कशाला जुंपेल?

तेव्हा लंडन आणि ब्रसेल्सच्या साहेबांनी सीमा कुठे ठेवायची याचा काथ्याकूट जरूर करावा. जमिनीवर नको म्हणून समुद्रात ढकलली तरी हरकत नाही, कुठल्या तरी कागदावर ती पुन्हा उगवणारच. तिच्याशी कसं वागायचं, एवढं आमच्याकडून शिकून घ्यावं: भाव इकडे चांगला असेल तर आपण मध्य प्रदेशचे, तिकडे चढला तर महाराष्ट्राचे, आणि लग्नसराई असेल तर दोन्हीकडे जेवायचं.