दाढीचं मखर

निवृत्त माणसानं लाकडाला हात लावू नये, असं आमच्या घरात एकमतानं ठरलेलं आहे. तरी दाढीच्या सामानासाठी लाकडी स्टँड करायचा घाट मी घातलाच. ब्रश, रेझर, साबणाची वाटी आणि तुरटी, एवढाच तो प्रपंच. बेसिनच्या कडेला कान तुटलेल्या कपात तो वर्षानुवर्षं सुखानं नांदत होता, हे मान्य. पण कुणाची तक्रार नाही म्हणून काही करायचंच नाही, हे मला पटत नाही.

पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत अख्खं दुकान मावायचं. संत सेना महाराजांनी तर आपल्या अभंगात तिच्यातला आरसा विवेकाला आणि चिमटा वैराग्याला देऊन टाकला. स्टँड असता तर त्याच्या वाट्याला बहुधा मोह आला असता.

या मोहाचं मूळ अमेरिकेत आहे. 1903 साली जिलेटसाहेबांनी वापरून फेकायचं पातं विकायला काढलं. पहिल्या वर्षी 51 रेझर आणि 168 पाती खपली. पातं फेकायचं ठरल्यावर जपायला उरली मूठ, आणि मूठ जपायची तर तिला जागा नको? फेकलेल्या पात्यांचं काय, हा प्रश्न मात्र ज्यानं त्यानं सोडवला. तिकडच्या जुन्या घरांत बाथरूमच्या कपाटाला मागं एक चीर असे. त्यातून जुनी पाती भिंतीच्या पोकळीत टाकून देत. पुढच्या पिढीनं भिंत फोडली की वडिलोपार्जित इस्टेट बाहेर! आमच्या भिंती भरीव, त्यामुळे आमची इस्टेट दाराच्या चौकटीवर गंजत पडायची. त्याआधी तिच्याकडून शिवण उसवून घ्यायची आणि पेन्सिलींना टोकं काढून घ्यायची, ते वेगळंच.

लाकूड सागवानच हवं. साधं प्लायवूड बाथरूमच्या ओलीनं फुगतं. सागात मुळातच तेल असतं, तो पाण्याला फारसा जुमानत नाही. वखारीतून जुन्या खिडकीची झडप आणली, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "काका, एवढ्यात लहानसा देव्हारा होईल की!" त्यांच्या सुरात लाकडाबद्दलची कणव होती.

खरी गंमत खाचेत आहे. ब्रश केस खाली करून टांगायचा, म्हणजे पाणी मुळाशी न मुरता टोकाकडून निथळतं आणि केस धरून ठेवणारा डिंक टिकतो. ब्रश नुसता उभा ठेवला तरी वाळतो, असं म्हणणारे अनुभवी लोक आहेत. पण त्यांचं ऐकलं तर स्टँडच नको, म्हणून मी ऐकलं नाही. खाच ब्रशाच्या कंबरेपेक्षा रुंद हवी आणि बुडापेक्षा अरुंद. मिस्त्री सुतात बोलतात, एका इंचात 8 सूत. रेझरची मूठ साडेतीन सुतांची, म्हणून त्याची खाच चार सुतांची. आधी गिरमिटानं भोक, मग समोरच्या कडेपासून भोकापर्यंत करवतीचे दोन काप, आणि मग कानस. कानशीच्या दोन हातांनंतर रेझर लावून बघायचा, पुन्हा दोन हात, पुन्हा रेझर. घाई केली तर डोकं खाचेतून खाली, आणि रेझर बेसिनमध्ये. वरची फळी किंचित मागं कलती ठेवायची, म्हणजे टांगलेलं पुढं घसरत नाही. तुरटीच्या खळग्याला खाली भोक लागतंच, नाहीतर ती स्वतःच्याच पाण्यात विरघळून जाते. शेवटी जवसाच्या तेलाचे हात दिले आणि लाकडाच्या रेषा उठून दिसू लागल्या.

"अहो, दाढीला मखर केलंत की!" असं सौभाग्यवतींनी जाहीर केलं आणि घरभर तेच नाव पडलं.

एक गोष्ट कुणीच बजावली नव्हती. दाढीला स्टँड लागत नाही, पण स्टँडला दाढी लागते. निवृत्तीनंतर एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड चालणारा कारभार आता रोजचा झाला आहे. ब्रश कोरडा दिसला की आतून आवाज येतो, "आज मखर रिकामंच का?" ऑफिसातल्या साहेबानं कधी गालाकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

चिरंजीवांची दाढी फॅशन म्हणून राखलेली. त्यांनी स्टँड उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "बाबा, मागून ट्रिमरच्या चार्जरची वायर जाईल का?" हे सागवान आहे, बाथरूममध्ये विजेची वायर नको, अशी दोन्ही कारणं मी ठणकावून सांगितली. दुपारी त्याच्या खोलीसाठी दुसरा स्टँड आखायला घेतला. मागं भोक तीन सुतांचं धरलंय.