जबाबदारी नायगावला उतरली

डास मारायची रॅकेट मी दुपारच्या विरार लोकलमध्ये घेतली. संध्याकाळच्या लोकलमध्ये रॅकेट विकताच येत नाही. तिथे माणसाला स्वतःचा हात सापडत नाही, तर फेरीवाल्याने रॅकेट फिरवून दाखवायची कुठे? भाईंदर सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, तेव्हा त्याने बटण दाबून ठिणगी दाखवली, 'चार्जिंगवाली है, टॉर्च भी है' म्हणाला, अडीचशेवरून एकशे ऐंशीवर आला आणि नायगावला उतरून गेला. मी वसई रोडला उतरलो तेव्हा माझ्या हातात रॅकेट होती आणि तक्रार करायला कोणी नव्हतं. पण तेव्हा तक्रारही नव्हती.

रॅकेट चौदा दिवस चालली. त्या काळात तिने जे डास मारले त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पंधराव्या रात्री घरात वास आला. वसईत वासाला कोणी लगेच दचकत नाही. आधी सुके बोंबील, मग गटार, मग शेजारी, असा क्रमाने संशय घ्यायची पद्धत आहे. आमच्याकडे रॅकेटचा नंबर चौथा लागला. तोवर तिची मूठ एका बाजूने मेणबत्तीसारखी ओघळली होती आणि सॉकेटभोवती भिंतीवर चहाचा असतो तसा डाग पडला होता.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू झाली, म्हणजे माझी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, "रात्री चार्जिंगला लावता कशाला?" वायरमन म्हणाला, अर्थिंग नसेल. तळमजल्यावरच्या काकांच्या मते मधे लाइट गेली-आली असणार. बायको काहीच म्हणाली नाही. ती फक्त 'एकशे ऐंशी' एवढंच दोनदा म्हणाली. रॅकेट ज्याने बनवली त्याच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. बनवणारा चीनमध्ये आहे आणि मी दुसऱ्या मजल्यावर आहे, हा फरक सगळ्यांच्याच सोयीचा होता.

खरं तर आरोपी दोन होते. रॅकेटच्या पिना चपट्या आणि आपल्या सॉकेटची भोकं गोल, त्यामुळे मधे तो दहा रुपयांचा कन्व्हर्टर लावला होता, जो प्रत्येक घराच्या खणात असतो आणि कोणी विकत आणल्याचं कोणालाच आठवत नाही. रॅकेटला निदान देश तरी होता. कन्व्हर्टरला तोही नाही.

मग मी खोकं वाचायला बसलो. खोकं हे वाचायचं असतं असं आमच्या घरात पूर्वी कोणाला वाटलं नव्हतं. त्यावर 'मेड इन पीआरसी' होतं. पीआरसी म्हणजे पुण्याची एखादी कंपनी असावी, असा काकांनी कयास बांधला आणि त्यांनी पुण्याविषयी दहा मिनिटं काढली. ते चीनचंच अधिकृत नाव आहे, हे सांगितल्यावर त्यांना वाईट वाटलं. शेजारी 'सीई' अशी खूण होती. ती युरोपची. बऱ्याच साध्या वस्तूंच्या बाबतीत कारखानदारच आपण युरोपचे नियम पाळले असं जाहीर करतो आणि ती छापतो. आता युरोपचा आणि वसईचा संबंध चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये मिटवला. ती खूण आज विरार लोकलमध्ये काय करते आहे, हे कोणी सांगेल तर बरं.

आणि एक पांढरं स्टिकर. आपल्याकडे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा फोन, हे सगळं ठळक आणि वाचता येईल असं असायला हवं. बरंचसं होतंही. नाव तांदळाच्या दाण्यावर लिहितात तेवढ्या अक्षरात, गाळ्याचा नंबर पुसलेला, खाली मुंबई. फोन नऊ आकडी होता. दहावा आकडा शेवटचाच गाळला असेल असं धरून मी शून्यापासून नऊपर्यंत दहा फोन लावले. आठ लागले नाहीत. एक गृहस्थ म्हणाले की ते स्वतःच एका मिक्सरबद्दल तक्रार करायला माणूस शोधत आहेत. दहावा फोन एका बाईंनी उचलला, नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, रॅकेट कितीला पडली.

परदेशी माल असाच असतो, असं म्हणायची सोय मात्र वसईकराला नाही. इथल्या चर्चमधल्या पोर्तुगीज घंटा पेशव्यांच्या फौजा घेऊन गेल्या आणि त्या देवळादेवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीला आहे तिच्यावर १७०७ साल आहे. नाशिकला नारोशंकराच्या देवळातली १७२१ ची. एखाद्याचा आवाज मोठा असला की आपण अजून त्याला नारोशंकराची घंटा म्हणतो. तीनशे वर्षं झाली, धर्म बदलला, घाट चढून झाला, वापरणारे बदलले, पण तडा गेला म्हणून कोणी पोर्तुगालला पत्र लिहिल्याचं ऐकिवात नाही. माझ्या रॅकेटवर सालच नव्हतं. महिना होता.

माझा भाचा वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मी सहज विचारलं; त्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा काढला. त्यात उत्पादनाच्या दायित्वावर वेगळं प्रकरणच आहे, २० जुलै २०२० पासून लागू. विक्रेता म्हणजे कोण, तर आयात करणारा, वाटणारा, खोक्यात भरणारा, दुकानात विकणारा, सगळे. आणि पुढे असं आहे की बनवणाऱ्याचा पत्ता लागत नसेल, किंवा लागला तरी त्याला नोटीस बजावता येत नसेल, तर विकणारा जबाबदार.

"म्हणजे बघ मामा," भाचा खूश होऊन म्हणाला, "तुझी केस एकदम मजबूत आहे. विकणारा कुठे आहे?"

"नायगावला उतरला."

"बिल?"

मी त्याला पोहे दिले.

मोठ्या दुकानांचंही असंच असतं, एवढाच दिलासा. प्रेशर कुकरवर आयएसआय खूण १ फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झाली, तरी बिनखुणेचे कुकर ऑनलाइन विकले जात होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये दोन बड्या ऑनलाइन दुकानांना लाख-लाख रुपये दंड केला आणि घेणाऱ्यांना कळवून पैसे परत करा म्हणून सांगितलं. आपण विकणारे नाही, नुसते मधले, असं म्हणायची या धंद्यात रीत आहे. माझा फेरीवालाही मधलाच. फक्त त्याच्याकडे कंपनी सेक्रेटरी नाही म्हणून तो पुढच्या स्टेशनला उतरतो.

खेळण्यांच्या बाबतीत सरकार अधिक कडक झालं. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाने २०१९ मध्ये बाजारातली आयात खेळणी तपासली, तेव्हा सुमारे ६७ टक्के नापास निघाली. दहावीचा निकाल नव्वदच्या वर जाणाऱ्या राज्यात हा आकडा पचायला जड आहे. मग फेब्रुवारी २०२० मध्ये आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०, आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची, देशी असो की परदेशी. बाहेरच्या कारखान्याला ही खूण हवी तर मानक ब्युरोचं लायसन्स घ्यायचं आणि इथला एक अधिकृत प्रतिनिधी नेमायचा, म्हणजे पकडायला कोणीतरी या बाजूला असतो. खुणेखालचा नंबर फोनवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की लायसन्स खरं की खोटं तेही कळतं. मी तेव्हापासून घरातल्या सगळ्या वस्तू उलट्या करून नंबर टाकत असतो. गिझर खरा निघाला. रॅकेट मात्र खेळणं नाही, हे मला मान्य आहे. आमच्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलाला ते मान्य नाही.

इथे जरा थांबतो. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतच एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. आजीशेजारी झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवड्याभरात गेला. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी स्कूटर पेटत होत्या. त्यांच्या बॅटरीचे कडक नियम १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आले. त्या घराबद्दलही लोकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, रात्री चार्जिंगला लावली कशाला. दिवसा माणूस स्कूटर घेऊन कामावर जातो, म्हणून लावली रात्री. याच्यावर मला विनोद करता येत नाही.

रॅकेटवर येतो. रविवारी भंगारवाला आला. त्याने रॅकेट हातात घेतली, वास घेतला, स्क्रू काढले आणि आतून बोटाएवढी बॅटरी उचकटून बाजूला ठेवली. कारखान्यापासून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत इतक्या हातांतून आलेली ही वस्तू उघडून बघणारा तो पहिला माणूस. जाळी आणि प्लास्टिकचे आठ रुपये दिले. बॅटरी दोन बोटांत धरून त्याने परत माझ्या तळहातावर ठेवली.

"ये नहीं लूंगा. ये फूटता है."

"मग मी काय करू?"

"जिसका है उसको दो."

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, भंगारवाला बरोबर बोलतोय. २०२२ च्या ऑगस्टपासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. वापरून झालेली बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकाची, आणि त्या नियमांत बॅटरी असलेली वस्तू आयात करणाराही उत्पादकच. तेव्हा मी काही ती फेकलेली नाही. स्टीलच्या डब्यात वाळू घातली, त्यात बॅटरी ठेवली, झाकण लावलं नाही, आणि खोक्यावरचं पांढरं स्टिकर वाफेवर धरून सोडवून डब्याला लावलं. डबा बाल्कनीत आहे. आयातदारांनी सवडीने यावं, चहा घ्यावा. फक्त पावसाळ्याच्या आत आले तर बरं. आमच्या बाल्कनीत पाणी येतं.