पार्किंगची सोडत: पायथन शिकणाऱ्यांसाठी अचूक मार्गदर्शन

अभिनंदन! पायथनचा कोर्स पुरा केल्याचं सर्टिफिकेट तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत आणि पार्किंगची सोडत काढायचं काम गळ्यात पडलं. फ्लॅट १००, जागा १०. घाबरू नका. सोडत दिसायला निःपक्षपाती हवी आणि निकाल आपल्या सोयीचा. पायथनमध्ये दोन्ही जमतं.

१. आधी फाइलला नाव द्या. 'रँडम डॉट पाय' हेच सुचेल, सगळ्यांना तेच सुचतं. खुशाल द्या. आता 'इम्पोर्ट रँडम' लिहिलंत की पायथन स्वतःचं मॉड्यूल सोडून तुमचीच फाइल उघडेल आणि यात रँडिंट नावाचं काही नाही, अशी एरर तोंडावर मारेल. अख्खी संध्याकाळ जाईल. जाऊ द्या. सभेत 'रात्र रात्र जागून प्रोग्रॅम केलाय' असं सांगताना डोळे तांबारलेले हवेत.

२. आता फंक्शन निवडा. रँडिंटला १ आणि १०० दिलेत तर दोन्ही टोकं धरून आकडा येतो. रँडरेंजला तेच दिलंत तर तो ९९ वरच थांबतो. १०० कधीच येत नाही, जन्मात नाही. नवशिके या फरकाला वैतागतात. तुम्ही वैतागू नका, आधी शंभर नंबरच्या फ्लॅटात कोण राहतं ते पाहा. दोन वर्षं मेंटेनन्स थकवणारे काका असतील तर रँडरेंजच लिहा. कोणी विचारलंच तर 'लँग्वेजचा नियम आहे' म्हणा. खोटं नाही ते.

३. सीड. खरी कला इथे आहे, सावकाश वाचा. पायथन आकडे हवेतून काढत नाही, गणित करून काढतो. त्या गणिताला सुरुवातीला एक बी लागतं. तुम्ही दिलं नाहीत तर तो ऑपरेटिंग सिस्टिमकडून स्वतःच घेतो आणि मग काय निघेल ते कुणाच्याच हातात राहत नाही. म्हणून द्या. ४२ द्या. डग्लस ॲडम्सच्या कादंबरीमुळे जगभरचे प्रोग्रॅमर कौतुकाने हाच आकडा देतात, त्यामुळे संशय येत नाही. आता रँडिंटकडे १ ते १०० मधले आकडे मागा. ८२ येईल, मग १५, मग ४, मग ९५. तुमच्या लॅपटॉपवर तेच, सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर तेच, पुढच्या वर्षीच्या सोडतीतही बहुधा तेच. तुम्ही ८२ मध्ये राहत असाल तर मार्गदर्शन इथेच संपलं, पेढे वाटा. नसाल तर ४३, ४४, ४५ असे सीड घालत बसा. घरचा नंबर पहिल्या दहात कधीतरी येतोच. सापडलेला सीड तुमची जन्मतारीख असल्याचं सांगा.

एक सावधगिरी. ४२ च्या पहिल्या दहा आकड्यांत ९५ दोनदा येतो. रँडम म्हणजे वेगवेगळा, असं सभासदांचं ठाम मत असतं. रँडमला ते मान्य नाही. एकाच फ्लॅटला दोन जागा गेल्या तर खुर्च्या उडतील. दहा वेगवेगळे नंबर देणारं 'सँपल' नावाचं फंक्शन आहे, ते वापरा. मात्र त्याचा निकाल वेगळा लागतो, तेव्हा सीडची शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून. सोपं काम नाही हे, माहीत आहे मला.

४. सभेत 'मर्सेन ट्विस्टर' हा शब्द लवकर काढा. मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांची ही पद्धत, पायथन आत तीच चालवतो. तिचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होईपर्यंत जितके आकडे निघतात, ती संख्या ६,००२ अंकी आहे. एवढं ऐकल्यावर कोणी हात वर करत नाही. ओळीने ६२४ आकडे पूर्ण हाती लागले तर पुढचे सगळे सांगता येतात, हे मात्र सांगत बसू नका. सभा आधीच लांबलेली असते.

५. निकाल अध्यक्षांना रुचला नाही तर 'ही ट्रायल होती' म्हणा आणि परत चालवा. रुचेपर्यंत ट्रायल. रुचला की फायनल, लगेच स्क्रीनशॉट.

६. सीक्रेट्स नावाचं एक मॉड्यूल २०१६ पासून पायथनसोबत फुकट मिळतं. त्याला सीड देताच येत नाही. असल्या हट्टी लोकांच्या नादी लागू नका.

७. थोरांचा आदर्श ठेवा. अमेरिकेतला एडी टिप्टन लॉटरी संघटनेत माहिती सुरक्षेचा प्रमुख होता. ठरावीक तारखांना आकडे आधी ओळखता येतील, असा कोड त्याने आकडे काढणाऱ्या मशीनमध्ये घातला. २९ डिसेंबर २०१० च्या सोडतीत १.६५ कोटी डॉलर लागले. कोड उत्तम होता. पण तिकीट घ्यायला हा गृहस्थ स्वतः दुकानात गेला आणि सीसीटीव्हीत दिसला. पुढे २५ वर्षांपर्यंतची शिक्षा. तेव्हा लॅपटॉपचं बटण स्वतः दाबू नका, खजिनदारांना दाबू द्या.

८. इतकं करूनही मागच्या रांगेतून 'कॉम्प्युटर नको, चिठ्ठ्या टाका' असा आवाज येईल. वाद घालू नका. स्टीलचा डबा मागवा. चिठ्ठी लहान मुलाच्या हातून काढायची, यावर सगळ्यांचं एकमत होईल. मूल कुणाचं, यावर होणार नाही. मग मुलांच्या नावांची यादी करा आणि लॅपटॉप पुन्हा उघडा.