शुक्रवारचं व्रत

तुमच्याही इमारतीत तो असणारच. गळ्यातलं ओळखपत्र काढायला विसरून रविवारी कोथिंबीर आणायला जाणारा. आमच्याकडचा बरोब्बर आमच्या डोक्यावर राहतो, म्हणून घरात आम्ही त्याला 'वरचा' म्हणतो. हिंजवडीला वीस वर्षं सॉफ्टवेअर करतो. त्यातली कोथरूड ते हिंजवडी रस्त्यावर किती गेली, हा हिशेब वेगळा.

गेल्या श्रावणात आमच्या बाथरूममधला बल्ब गेला. माझे गुडघे आता स्टुलावर चढू देत नाहीत, म्हणून वरच्याला हाक मारली. तो आला, बल्बकडे पाहून हळहळला आणि म्हणाला, "काका, आज शुक्रवार."

"मग?"

"शुक्रवारी प्रॉडक्शनमध्ये काही बदलायचं नसतं."

त्यांच्या धंद्यात म्हणे शुक्रवारी संध्याकाळी नवीन काही चालू केलं आणि ते कोसळलं, तर शनिवार-रविवार निस्तरण्यात जातो. आमचं बाथरूम हे प्रॉडक्शन आहे, हे मला त्या दिवशी कळलं. तीन दिवस आम्ही मेणबत्ती लावून आंघोळ केली. सोमवारी पहाटे साहेब स्टूल घेऊन हजर. बल्ब बसवला, आणि जुना टाकायला निघालो तर माझा हात धरला. "काका, ठेवा. रोलबॅकला लागेल." म्हणजे नवीन बिघडलं की जुन्यावर परत जायचं.

"अरे, पण हा गेलाय!"

"हो, पण हा कसा वागतो ते आपल्याला माहीत आहे."

शुक्रवारी तो केस कापत नाही. सिलिंडर संपला तरी नवा लावत नाही, पोळ्या आमच्याकडून जातात. बायकोनं एकदा शुक्रवारी फोडणीत मोहरीऐवजी जिरं घातलं, तर हा ताटावरून उठून विचारतो, "टेस्ट केलंस का?" तळमजल्यावरच्या आजींच्या मनात मात्र त्याच्याविषयी नितांत आदर आहे. इतका शिकलेला मुलगा, पण शुक्रवार किती कडक पाळतो! त्यांनी त्याला संतोषीमातेच्या भक्तांत जमा केलं असून दर शुक्रवारी गूळ-चणे वर जातात. आंबट खात नाहीस ना, असं त्यांनी एकदा विचारलं, तेव्हा वरचा गंभीरपणे म्हणाला, "नेहमी खात असेन, तरच."

गंमत म्हणजे दोन्ही संप्रदायांचं साल एकच. 1975 साली 'जय संतोषी माँ' लागला आणि लोक चपला बाहेर काढून थिएटरात शिरले. त्याच साली फ्रेड ब्रुक्स या अमेरिकन गृहस्थाचं 'द मिथिकल मॅन-मंथ' निघालं. आयबीएमच्या एका अवाढव्य कामात पोळून निघालेला माणूस. उशीर झालेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी उशिरा होतं, हा त्याचा सिद्धान्त. वरचा या पुस्तकासाठी चपला काढील.

हा सिद्धान्त आम्ही हरतालिकेच्या रात्री भोगला. सोसायटीच्या गणपतीचं मखर अर्धवट, रात्रीचे अकरा. सेक्रेटरींनी बी विंगमधून पाच पोरं बोलावली. वरच्यानं त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं. "पाच माणसं म्हणजे बोलाचालीच्या दहा जोड्या. दहा माणसं झाली की पंचेचाळीस. आत्ताचे पाच थर्माकोल कापणार की नव्यांना समजावत बसणार?" सेक्रेटरी तणतणत निघून गेले. मखर साडेतीनला झालं. हे लिहायला मला आवडत नाही, पण झालं.

वरच्याच्या घरात रोज पावणेआठला फ्रिजपाशी सभा. सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे ती लांबत नाही. काल काय केलं, आज काय करणार, अडथळा काय? पहिल्या दिवशी त्याची आई म्हणाली, "काल गुडघे दुखले. आज दुखतील. अडथळा म्हणजे तू बसू देत नाहीस."

पण कळस केला तो बहिणीच्या लग्नात. मुहूर्त नेमका शुक्रवारचा! यानं गुरुजींकडे मंगळवार मागितला, गुरुजींनी पंचांग मिटलं. भर कन्यादानात, वडिलांच्या ओंजळीवर झारी धरलेली असताना, हा पुढे वाकून विचारतो, "गुरुजी, रोलबॅक प्लॅन काय?" गुरुजींना शब्द कळला नसावा, पण प्रश्न कळला. म्हणाले, "उदक सोडलं की परत नाही हो." वरच्याचा चेहरा पांढराफटक पडला. नवरीच्या बापाचाही पडला नव्हता इतका.

मागच्या महिन्यात एके दिवशी तो पाच वाजताच खाली आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. चार वाजता दहा मिनिटांचा कॉल झाला होता. साडेचारला लॅपटॉप बंद पडला, तो त्यांनी तिकडूनच पाडला. वीस वर्षांत लिहिलेलं सगळं त्यातच. नोकरी गेल्याचं तो काही बोललाच नाही. खुर्चीत बसून राहिला. हिनं चहा दिला, त्यावर साय धरली.

"शुक्रवारी केलं हो, काका," एवढंच म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याचा शब्द वापरला. "रोलबॅक?"

त्यानं मान हलवली. "उदक सोडलं त्यांनी."

आजींचे गूळ-चणे तोवर वर जाऊन, दाराला कुलूप पाहून आमच्याकडे आले होते. त्यानं ते एकेक करून सगळे खाल्ले. मग त्याची नजर पॅसेजकडे गेली. तिथला बल्ब सकाळपासून गेला होता. सोमवारशिवाय काही होणार नाही म्हणून मी त्याला सांगितलंच नव्हतं. तो उठला, स्टूल ओढलं, चढला.

"अरे, आज शुक्रवार आहे."

तो तोवर बल्ब फिरवायला लागला होता. उजेड पडला. उतरून त्यानं जुना बल्ब माझ्या हातात दिला. "टाकून द्या, काका," म्हणाला आणि जिना चढून गेला.

मी तो कागदात गुंडाळून कपाटात, बाथरूमवाल्या बल्बशेजारी ठेवला.