कुंडीखालची किल्ली

उणे ४० हा मोठा समदर्शी आकडा आहे. सेल्सियसमध्ये मोजा नाहीतर फॅरनहाइटमध्ये, थंडी तेवढीच. विनिपेगला त्याचं दर्शन क्वचित होतं, पण उणे ३० हा घरचाच पाहुणा. म्हणून इथल्या गाड्यांच्या नाकातून एक वायर लोंबत असते. पुण्याहून आलेल्या मित्राने ती पाहून "इलेक्ट्रिक घेतलीस!" असं माझं अभिनंदनही केलं होतं. ती असते इंजिन रात्रभर कोमट ठेवणाऱ्या हीटरची. इंजिनाची सोय झाली, पण सीट म्हणजे बर्फाची लादीच. त्यावर उपाय रिमोट स्टार्टर: घरात चहा पीत बटण दाबायचं, की अंगणात गाडी आपली आपण सुरू होऊन तापत बसते.

दुकानात मजुरीचा आकडा ऐकून मला भर जानेवारीत घाम फुटला. शेजारी मुलाकडे राहणारे, नागपूरच्या वीज मंडळातून निवृत्त झालेले काका म्हणाले, "चार वायरी तर जोडायच्या आहेत. टेन्शन नको घेऊ."

चार नव्हत्या. स्टीअरिंगखालचं प्लास्टिक काढलं आणि आतून शेवयांचा टोपच बाहेर आला. बॅटरीची, इग्निशनची, स्टार्टरची, ब्रेकची, आणि बोनेट उघडं असेल तर गाडी सुरू होऊ नये म्हणून बोनेटची. शेवटची वायर काका सोडून देणार होते. पण पंख्याजवळ हात त्यांचाच होता, म्हणून जोडली.

खरी अडचण पुढे होती. कॅनडात १ सप्टेंबर २००७पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. किल्लीच्या डोक्यात चिप असते. कुलपाभोवतीची रिंग ती ओळखते, तेव्हाच इंजिन चालतं. मग किल्ली खिशात आणि मालक स्वयंपाकघरात असताना गाडीने कोणाला ओळखायचं? त्यासाठी बायपास मॉड्यूल. आमचं जुन्या पद्धतीचं होतं: एक डबी, तिच्यात तारेचं वेटोळं, आणि त्या वेटोळ्यात घरातली दुसरी किल्ली कायमची ठेवायची. बटण दाबलं की डबी रिंगच्या कानात सांगते, "मालक आलेत."

साताऱ्याला बाबांना फोनवर हे सगळं समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे दाराला भारी कुलूप आणि किल्ली तुळशीच्या कुंडीखाली. आपल्याकडे तीस वर्षं तेच चाललंय. तुला किती पडले?"

आकडा मी सांगितला नाही.

पण गाडी सुरू झाली! खिडकीत उभं राहून आम्ही टाळ्या वाजवल्या. पंधरा दिवस मी संस्थानिकासारखा ऊबदार गाडीत बसत होतो.

मग एका संध्याकाळी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये, हातमोजा काढताना, किल्ली बर्फात पडली. पायांनी उकरून पाहिलं, नाही सापडली. रिमोट दुसऱ्या खिशात होता. बटण दाबलं, दार उघडलं, इंजिन सुरू झालं, हीटर लागला. आता मी ऊबदार गाडीत बसून होतो आणि गाडी हलवू शकत नव्हतो. कारण किल्ली फिरवल्याशिवाय ब्रेक दाबला, की इंजिन बंद. ते चोरासाठी असतं. त्या दिवशी चोर मीच.

शेवटी बायकोला फोन केला. ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन टॅक्सीने आली आणि काही बोलली नाही, हे जास्त लागलं. मी पुन्हा शेवयांत हात घातला, डबी फोडली, किल्ली बाहेर काढली. घरी पोचलो. बाबांची कुंडी कामाला आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने खिडकीतून बटण दाबलं. इंजिन घरघरलं, सुरू झालं, आणि दोन सेकंदांत गप्प झालं.

गाडीने कुंडी उचलून पाहिली होती.