सात परसांचा पाणबुड्या

नेवाशाचा पाणबुड्या समुद्रापासून लांब, उसाच्या पट्ट्यात आढळतो. वय चाळिशी ओलांडलेले, पोट सुटलेले, आणि नाव काहीही असले तरी हाक ‘आप्पा’. त्याचा जन्म प्रवरेच्या काठचा आणि शिक्षण मळ्यातल्या विहिरीतले. पाठीला पत्र्याचा डबा बांधून चुलत्याने विहिरीत ढकलले की पहिली इयत्ता, डबा सुटला की दुसरी. कठड्यावरून सूर मारून तळाचा चिखल मुठीत घेऊन वर आला की पदवी. विहिरीची खोली तो परसात मोजतो. एक परस म्हणजे साधारण माणसाची उंची. आपण सात परस विहिरीचा तळ गाठल्याचे तो सांगतो, तेव्हा त्या उन्हाळ्यात विहिरीत पाणी किती होते हे कोणी विचारत नाही.

खरे तर या गावाला समुद्राकडे जायची गरज पडू नये. समुद्रमंथनातून निघालेले अमृत मोहिनीरूपातल्या विष्णूने इथेच वाटले, अशी नेवाशाच्या मोहिनीराज मंदिराची कथा आहे. म्हणजे समुद्राचा माल एकदा घरपोच येऊन गेलेला आहे. तरीही उसाची पहिली उचल खात्यावर पडली की आप्पाला समुद्र दिसू लागतो. वर्गणी ठरते, नेवासा फाट्यावर रात्री ट्रॅव्हलर लागते आणि बारा जण मालवणला निघतात. त्यांत एक माळकरी असतो. मासे फक्त बघायचे, या अटीवर तो आलेला असतो. आणखी एक जण ‘नंतर देतो’ या अटीवर आलेला असतो.

मालवणला स्कूबा होते ती सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांवर. शिवाजी महाराजांनी हा किल्ला 1664 साली बांधायला घेतला. पहिल्यांदा येणाऱ्याला पाच-सात मीटरपर्यंत नेतात आणि प्रशिक्षक सतत पाठीशी राहतो. हे ऐकून आप्पाचा अपमान होतो. “आरं, सात परस इहिरीत उतरलेला माणूस हाय मी!” पण सात परस म्हणजे जेमतेम बारा मीटर, आणि दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो, हे मालवणच्या पोराला पाठ असते. तो नुसता हसतो आणि कमरेला शिशाचा पट्टा बांधतो.

पाण्याखाली आप्पाची अडचण श्वासाची नसते, बोलण्याची असते. गावातला त्याचा सगळा अधिकार जिभेवर चालतो. इथे तोंडात रबरी नळी. म्हणून पट्ट्यापट्ट्यांच्या माशांचा थवा समोर आल्यावर तो अंगठा वर करून ‘एक नंबर’ सांगतो. पाणबुड्यांच्या खुणांच्या भाषेत अंगठ्याचा अर्थ ‘वर चला’ असा आहे. प्रशिक्षक त्याला ताबडतोब वर आणतो.

“काय झाला काकानु?”

“कुठं काय झालं? एक नंबर म्हणलं!”

‘ठीक आहे’ म्हणायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून कडे करायचे, हे त्याला पुन्हा समजावतात. दुसऱ्या बुडीत मोठा मासा दिसतो, आप्पा पुन्हा अंगठा वर करतो आणि पुन्हा वर येतो. तिसऱ्या वेळी तो हाताची घडी घालून समुद्र बघतो.

संध्याकाळी ताटावर बसल्यावर खोल बुडीचा विषय निघतो आणि आप्पाला रिब्रीदर भेटतो. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. सोडलेल्या श्वासातही तो सोळा-सतरा टक्के उरतो. स्कूबात हा उरलेला प्राणवायू बुडबुड्यांबरोबर वाया जातो. रिब्रीदर तो वाया जाऊ देत नाही. सोडलेला श्वास एका डब्यातून फिरतो, तिथला सोडा-लाइम त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतो, कमी पडलेला प्राणवायू बारीक-बारीक घातला जातो आणि तोच श्वास परत मिळतो. ठिबक सिंचनावर ऊस काढणाऱ्याला ही काटकसर लगेच पटते. सोडा-लाइम म्हणजे मुख्यतः चुना, हे कळल्यावर तर आप्पाचा हात आपोआप खिशातल्या डबीकडे जातो.

उरलेली माहिती मात्र त्याला पटत नाही. डब्यातला चुना संपला तर माणूस आपल्याच श्वासाने गुदमरतो. शुद्ध प्राणवायू सहा मीटरच्या खाली विषासारखा बाधतो, म्हणून खोलवर तो इतर वायूंत मिसळावा लागतो आणि फार खोलवर त्यात हेलियमही लागतो. यंत्र लाखोंच्या घरात आणि प्रशिक्षण वेगळे. एवढे करून मंडळी गटाने जातात कुठे, तर पॅसिफिकमधल्या उष्ण कटिबंधातल्या बेटांवर, 1944 साली अमेरिकी हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजे बघायला. त्या जागेचे नावच ‘चूक’. “म्हंजी लाखभर घालवायचे, चुन्यातून श्वास घ्यायचा आन चुकीच्या जागी जायचं,” असा हिशेब मांडून आप्पा पुढच्या वर्षीसाठी अंदमान पक्के करतो.

एक नियम मात्र तो जिवापाड पाळतो. बुडीनंतर लगेच उंचावर जाऊ नये, कारण रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. विमानासाठी अठरा ते चोवीस तास थांबतात आणि घाटालाही तेच लागू. आप्पाची बुडी सहा मीटरची. तिला धोका तसा कमी. पण मध्ये घाट आहे आणि नेवासा समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच आहे, हे दाखवून तो मुक्काम एका दिवसाने वाढवतो. त्या दिवशी सुरमई ताजी असते. माळकऱ्याची सोलकढीवर बोळवण होते.

परतल्यावर फाट्यावर कोणी “कशी झाली ट्रिप?” विचारले की आप्पा काही न बोलता अंगठा-तर्जनीचे कडे करून दाखवतो. समोरच्याने उत्तरादाखल अंगठा वर केला, तर त्याला दंडाला धरून बाजूला घेतो आणि सात परस विहिरीपासून सुरुवात करतो.