पाय, धाप आणि भूत

आमचे धुळ्याचे दाजी पायांनी भरपूर फिरतात आणि उरलेलं डोळ्यांनी. त्यांच्या कपाटात एकाच फळीवर गोनीदांची ‘दुर्गभ्रमणगाथा’, तिला टेकून मुराकामीचं पळण्यावरचं पुस्तक आणि त्याला खेटून नारायण धारपांचे ‘समर्थ’. ताईच्या मते हे कपाट नसून एस.टी. स्टँड आहे, कोण कुठून आलं, कुठे चाललं, पत्ता नाही.

दाजी मात्र म्हणतात, तिघं एकच गोष्ट सांगतात. माणूस सुखासुखी घरी बसलेला असतो. घरचे म्हणतात, जाऊ नको. तो जातो. पुढची दोनशे पानं त्याला धाप लागलेली असते. ती चढाची, पळण्याची की भीतीची, एवढाच फरक.

हा सिद्धांत तपासायला खानदेशातला मे महिना पुरतो. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची, जळगावात मे महिन्यात नुसतं 42 म्हटलं तर लोक ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात. मुराकामी 1983 च्या उन्हाळ्यात अथेन्सहून मॅरेथॉन गावापर्यंत पळाला. अंगावर मीठ साचलं, त्यावर त्याने लिहिलं. दाजींना त्या पळण्याचं कौतुक आहे, मिठाचं नाही. तेवढं मीठ आमच्याकडे भरदुपारी भुसावळला जाऊन आलेल्या कुणाच्याही सदऱ्यावर असतं.

दाजी पहाटे पांझरेच्या काठाने धावतात. एकदा दुधाच्या किटल्या घेऊन निघालेल्या बाबांनी सायकल थांबवली. ‘‘काय व्हयनं भाऊ, कोन मांगे लागनं?’’ दाजी म्हणाले, ‘‘कोणी नाही बाबा.’’ त्यावर बाबा अधिकच घाबरले. मागे कोणी दिसत नाही आणि माणूस जीव खाऊन पळतोय. धारपांची कादंबरी आणखी कशी सुरू होते?

धारपांच्या ‘आजी’ या कथेवरून प्रेरणा घेतलेला ‘तुंबाड’ 2018 साली आला. पडदाभर पाऊस. थिएटरात बाकीचे दचकत होते. दाजी हळहळत होते, एवढं पाणी वाया चाललंय म्हणून. आमच्याकडच्या भुताला पाऊस, धुकं, वटवाघळं असली चैन परवडत नाही. ते दुपारी बाराला निघतं.

खात्री करायची तर धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला चढावा. फारुकी सुलतानांच्या काळातला हा किल्ला, खाली मुंबई-आग्रा महामार्ग. मे महिन्यात भरदुपारी वर चिटपाखरू नसतं. तटाच्या दगडाला हात लावला की आपोआप मागे येतो. बाटलीतलं पाणी फुंकून प्यावं लागतं. अशा वेळी बुरुजावर पांढऱ्या कपड्यातली, तोंड झाकलेली आकृती दिसली तर घाबरू नका. उपरणं गुंडाळलेले आमचे दाजी असतात.

वाचनालयं प्रवासवर्णन, क्रीडा आणि भयकथा अशी वेगवेगळी कपाटं ठेवतात, ती खुशाल ठेवोत. वाचकांनी मात्र ऋतू बघून वाचावं. धारप मे महिन्याच्या दुपारी वाचा, वीज गेलेली असेल तर उत्तमच. गोनीदा पावसाळ्यात वाचा. पुस्तक मिटून थेट चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जाता येतं, तेव्हा तिथले धबधबेही वाहत असतात. पळण्याचं पुस्तक मात्र बारा महिने वाचा. ते वाचून सहसा कोणी पळायला लागत नाही, त्यामुळे धोका काहीच नाही.